हिरड्यांच्या खाली

आई गेली तेव्हा तिचा दिवा हिरवा होता.

अतिदक्षता विभागातल्या सिस्टरनी तिच्या वस्तू एका पिशवीत घालून शर्वरीच्या हातात दिल्या. चष्मा, कुड्या, फोन. फोनच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात तो हिरवा ठिपका अजून तसाच होता आणि त्याखाली ओळ होती, ‘तुमचे मुखआरोग्य उत्तम आहे.’ शर्वरीनं फोन पालथा केला आणि पिशवीच्या तळाशी ढकलला.

आता या दिव्याचं नवल कुणालाच राहिलं नव्हतं. तांदळाच्या कणीएवढा एक तुकडा खालच्या दाढेला आतून चिकटवायचा, की झालं. तो रात्रंदिवस लाळ चाखत बसतो. लाळ किती आंबट आहे, हिरडी सुजल्यावर सुटणारी विकरं तीत आहेत का, हे तो बघतो. पण त्याचा सगळ्यात मोठा भरवसा असतो तो रक्तावर. हिरडी बिघडू लागली की सगळ्यात आधी तिच्यातून रक्त येतं, कधी इतकं थोडं की माणसाला दिसतही नाही. दिव्याला ते दिसतं. रक्त असेल तर दिवा तांबडा, नसेल तर हिरवा. इतका साधा आणि इतका स्वस्त उपाय सापडल्यावर सरकारी विम्यानं दर सहा महिन्यांची दातांची तपासणी बंद करून टाकली. दिवा हिरवा असेल तर डॉक्टरकडे जायचं कारणच काय? सांगली-मिरजेतल्या दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या हळूहळू उतरल्या. जे उरले ते दात पांढरे करून द्यायचे, लग्नसराईत. पुढची पिढी अशी वाढली की तिच्या तोंडात कुणी परक्या माणसानं आरसा घालून कधी पाहिलंच नाही.

आईला संध्याकाळची कणकण यायची. जेवण कमी झालं होतं. दोनदा डॉक्टर झाले, दोघांनी हवा बदलल्याचा ताप म्हणून गोळ्या दिल्या. मग एका दुपारी वाटाणे सोलता सोलता तिचा उजवा हात मांडीवर पडला तो उचललाच नाही. नंतर कळलं, की लहानपणीच्या सांधेतापानं खरबरीत झालेल्या तिच्या हृदयाच्या झडपेवर जंतूंनी घर केलं होतं, आणि त्या घराचा एक तुकडा सुटून मेंदूत गेला होता.

“हा जंतू तोंडात राहणारा आहे,” मोठे डॉक्टर म्हणाले होते. “पण दिवा तर हिरवा आहे. त्यामुळे कुठून आला, कसं सांगायचं?”

त्यांनी ते तिथंच सोडलं. शर्वरी कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होती. तिनंही ते तिथंच सोडलं असतं. त्या दिवसांत काहीही धरून ठेवण्याची ताकद तिच्यात नव्हती.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती तासगावच्या घराच्या मागच्या दारी गेली. पाहुणे अजून झोपलेले होते. धुण्याच्या दगडापाशी बेबीमावशी उकिडवी बसली होती, पाठमोरी. आईची ही धाकटी बहीण मिरजेहून मुलगा धनंजय आणि सून मयूरीसह आली होती. तिचं उजवं बोट तोंडात होतं आणि डोळे अर्धवट मिटलेले होते, देवळात मिटावेत तसे.

“मावशी?”

मावशी दचकली. काहीतरी चटकन पदराखाली गेलं. “काय गं, भूत बघितल्यागत हुबी ऱ्हायलीस? दात घासत्येय.”

“बोटानं?”

“बरश मिरजंत ऱ्हायला.”

शर्वरी जवळ गेली आणि थांबली. मावशीच्या अंगाभोवती एक करपट, उग्र, किंचित गोडसर वास होता. तो वास तिला पाठ होता. लहानपणी आई वेणी घालायला मागे बसली की मानेवरून यायचा. शर्वरीला तो कायम शाळेतल्या जुन्या कपाटाचा, खडूचा, सुती साडीचा वाटत आलेला. गेले तेरा दिवस ती आईच्या साड्यांच्या घड्यांत तोच शोधत होती.

“मिशरी आहे ती,” ती म्हणाली.

“हळू बोल की! मयूरी उठंल.”

“आई पण लावायची?”

मावशीनं चूळ थुंकली, पदरानं तोंड पुसलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाली, “अक्कानंच लावली सवय मला. दाढ ठणकत हुती माझी. म्हणली, एवढी बोटभर लाव, बधिर हुतंय.”

“आई शिक्षिका होती, मावशी. दर शनिवारी पोरांचे दात तपासायची.”

“म्हणून तर दिस उगवायच्या आत उरकायची. तुझ्या बाबाला जलमभर पत्ता लागला न्हाई.” क्षणभर मावशीच्या चेहऱ्यावर दोन बहिणींचं जुनं गुपित हसलं आणि लगेच विझलं.

“पण ती तंबाखू आहे ना गं.”

“तंबाखू खात्यात. ही लावत्यात. तंबाखू खाणाऱ्याचं तोंड बघितलंस का कधी? आमचं दात बघ, एक तरी हालतोय का?” तिनं दात विचकून दाखवले. लग्नसराईत कुठंतरी पांढरे करून घेतलेले, एका ओळीत, छान. “आन रगात तर कवाच न्हाई आलं. दिवा हिरवागार.”

शर्वरी त्या दातांकडे बघत राहिली. काय खटकतंय, ते तिला लगेच कळलं नाही.

मावशीनं तिचं मनगट धरलं. “हे बघ, मयूरीला कळू द्यायचं न्हाई. लग्नात तिच्या बापाला मी मांडवाच्या दारात आडवलं हुतं. तोंडात तंबाखू हुती त्याच्या. म्हणलं, आमच्या घरात चालत न्हाई, आधी चूळ भरा. शंभर माणसं बघत हुती. आता त्या पोरीला हे दिसलं तर मी त्या घरात कुठल्या तोंडानं बसू? शपथ घे. अक्काची शपथ हाय तुला.”

“बरं.”

“बरं न्हाई. शपथ म्हण.”

“शपथ,” शर्वरी म्हणाली. मग तिचं लक्ष मनगटावरच्या हाताकडे गेलं. तो हात तापलेला होता. “मावशी, ताप आहे तुला?”

“ताप कसला. सांजचं जरा कणकण येती. अक्का गेल्याचा चटका, दुसरं काय?”

शर्वरीनं तिच्याकडे नीट पाहिलं. मावशीच्या पोलक्याच्या गळ्यातून एक पांढरी उभी रेघ वर आली होती. ऑपरेशनची. दोन्ही बहिणींना लहानपणी एकाच घरात, एकाच थंडीत सांधेताप आला होता. थोरलीची झडप खरबरीत झाली, धाकटीची पुरती वाया गेली. म्हणून मावशीच्या छातीत काही वर्षांपूर्वी कृत्रिम झडप बसवली होती.

*

दिवसा कॉलेजात, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, तिनं सगळं वाचून काढलं. त्यात गूढ असं काहीच नव्हतं, हेच भयंकर होतं.

दातांवर रोज एक मऊ थर बसतो, जिवंत जंतूंचा. घासला तर जातो. जिथं ब्रश पोचत नाही तिथं राहतो, आणि लाळेतली खनिजं त्याला काही दिवसांत दगड करतात. बंबात क्षार चढतो तसा. त्या दगडाला मराठीत कीट म्हणतात. कीट एकदा चढलं की जगातल्या कुठल्याही ब्रशानं, बोटानं, काडीनं निघत नाही. ते हत्यारानं, शिकलेल्या हातानंच खरवडावं लागतं. नाही खरवडलं तर ते हिरडीच्या खाली उतरतं. दात आणि हिरडी यांच्यामध्ये खिसा तयार होतो. तिथं हवा नसते आणि ब्रश पोचत नाही, त्यामुळे जंतूंना कुणी हात लावत नाही. माणूस घास चावतो तेव्हा ते थोडे थोडे रक्तात ढकलले जातात. निरोगी हृदयाला त्याचं काही वाटत नाही. पण खरबरीत किंवा परकी झडप असेल, तर एखादा जंतू तिच्यावर बसतो. आणि उठत नाही.

हे सगळं दिवा बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. त्यांनी पहारा बसवला तो रक्तावर. पण तंबाखू हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून टाकते. हिरडी फिकी पडते, घट्ट होते, चांगली दिसते. आतून सडली तरी तिच्यातून रक्त येत नाही. हेही त्यांना ठाऊक होतं. माहितीपत्रकाच्या शेवटी लिहिलं होतं: तंबाखू सेवन करणाऱ्यांत या यंत्राचे वाचन ग्राह्य धरू नये. चाचण्यांच्या वेळी त्यांनी हजारो माणसांना विचारलं होतं, तुम्ही तंबाखू खाता का?

शर्वरीच्या डोळ्यांपुढे धुण्याच्या दगडापाशी बसलेल्या बाया आल्या. तासगावच्या, जतच्या, कवठ्याच्या. त्या सगळ्यांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं असणार, नाही, खात नाही.

तिनं आईच्या फोनवरून दिव्याच्या मदतकेंद्राला फोन लावला. तो क्रमांक अजून आईच्याच नावाशी जोडलेला होता. गोड आवाज म्हणाला, “शेवटच्या नोंदीनुसार आपला दिवा हिरवा आहे. अभिनंदन!”

तिनं फोन ठेवला आणि हात धुतले. कशासाठी, तिचं तिलाच कळेना.

*

मिरजेत मुजावरबाई अजून होत्या. दातांच्या डॉक्टर नसरीन मुजावर. दवाखाना बंद होऊन वर्षं झाली होती, पण खुर्ची त्यांनी विकली नव्हती. बाहेरच्या खोलीत जुन्या चादरीखाली ती होती आणि तिच्यावर वाळलेले कपडे घडी घालायला टाकलेले होते.

शर्वरीनं मावशीला “जुन्या ओळखी, भेटून येऊ” म्हणून आणलं होतं. मावशी रिक्षातून उतरतानाच ओळखून चुकली.

“ही तर दात उपटणारी!”

“बेबीताई, एकच दाढ काढली हो तुमची,” मुजावरबाई दारातून म्हणाल्या. “तीस वर्षं झाली, अजून नाव घेताय.”

“दुखली म्हणून घेत्येय.”

“काढताना दुखली का?”

“काढताना न्हाई. तुमी बिल सांगितल्यावर.”

दोघी हसल्या. शर्वरीला हसता आलं नाही. मुजावरबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, खुर्चीवरचे कपडे उचलले आणि तोंडावर उजेड पाडणारा बल्ब ओढून घेतला. “बसा. नुसतं बघते. हात लावत नाही.”

मावशीनं तोंड उघडलं. मुजावरबाईंनी आरसा आत घातला आणि लगेच भुवई वर गेली. दातांच्या मागच्या बाजूला, जिथं पांढरं करणाऱ्यांचा हात कधी जात नाही, तिथं काळा-तपकिरी थर होता. त्यांनी आरसा तसाच पुढे सरकवला. मावशीनं डोळे मिटून घेतले. एका बोथट, बारीक सुईवर मापाच्या काळ्या खुणा होत्या. ती सुई त्यांनी दात आणि हिरडीच्या मध्ये अलगद सोडली.

सुई गेली, ती जातच राहिली. शर्वरी मागे उभी राहून बघत होती. एकामागून एक खुणा गुलाबी, घट्ट, निरोगी दिसणाऱ्या हिरडीत बुडत गेल्या, जणू तिथं तळच नव्हता. मुजावरबाईंनी सुई काढली, बोटानं हिरडी दाबली. एक पिवळा थेंब वर आला.

“रक्त कुठाय?” त्या पुटपुटल्या. पुन्हा दाबलं. “बेबीताई, एवढ्या खोल जखमेतनं माणसाला चुळा भराव्या लागतात. तुमच्यात थेंब नाही.”

“मंजी चांगलं की.”

“नाही हो. चोर शिरलाय आणि कुत्रं भुंकत नाही, असलं चांगलं.”

त्यांनी दुसरा दात बघितला, तिसरा बघितला. प्रत्येक वेळी सुई तशीच आत जात होती. शर्वरीला वाटलं, थांबा म्हणावं. बघू नका म्हणावं. आईच्या तोंडातही हेच होतं आणि ती रोज तिच्यासमोर बसून हसत होती, जेवत होती, तिची कॉलेजातली गाऱ्हाणी ऐकत होती. दीड हातावर.

“ते कीट काढून टाका मग आत्ताच,” मावशी उठून बसली. आता तिचा आवाज थोडा कमी झाला होता. “पण दात हालायला लागत्याल. समद्या म्हणत्यात, साफ केलं की दात ढिलं पडत्यात.”

“भिंतीत पिंपळ उगवला की तो काढताना भिंत हलल्यासारखी वाटते. म्हणून पिंपळ भिंतीला धरून होता असं म्हणायचं का? भिंत त्यानंच फोडलेली असते.” मुजावरबाईंनी हातमोजे काढले. “मी दर सहा महिन्यांनी बोलवायची तेव्हा तुम्ही म्हणायच्या, दुखत नाही तर कशाला यायचं. दुखायला लागल्यावर मी फक्त दाढ काढू शकते, बेबीताई. दुखायच्या आधी मला बघता येतं. रोपटं असताना पिंपळ दोन बोटांनी निघतो.”

“मग काढा की आता तरी.”

मुजावरबाईंनी तिच्या कपाळावर हाताची पालथी बाजू टेकवली आणि शर्वरीकडे वळल्या. “ताप कधीपासनं?”

“रोज येतो म्हणे. संध्याकाळी.”

“आणि छातीत झडप.” त्या हळू बोलल्या. “आज मी हत्यार लावलं तर त्या खिशातलं सगळं रक्तात जाईल. आधी रक्त तपासायचं. जंतू वाढतो का बघायचं. मग औषध चालू, आणि मग साफसफाई. हॉस्पिटलात न्या. आज.”

“उद्या जाऊ,” मावशी म्हणाली. “आज मयूरीला सुट्टी हाय, तीबी संगं यील.”

*

उद्यापर्यंत थांबावं लागलं नाही. घरी पोचल्यावर तासाभरात मावशीला हुडहुडी भरली. दात दातांवर आपटत होते. तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. धनंजयनं, तिच्या मुलानं, तिला उचलून गाडीत घातलं. मयूरी शेजारी बसली, तिनं सासूचे पाय मांडीवर घेतले आणि चोळत राहिली. शर्वरी पुढे बसली होती. तिला मागचा आवाज ऐकायचा नव्हता आणि दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं.

हॉस्पिटलात आता आधी पडद्यासमोर बसावं लागतं. प्रश्न यंत्र ठरवतं, ड्युटीवरचा डॉक्टर वाचून दाखवतो. हा डॉक्टर तरुण होता आणि दमलेला होता.

“ताप किती दिवस?”

“झालं की आठ-पंधरा,” धनंजय म्हणाला.

“हृदयाचं ऑपरेशन. बरं. मुखआरोग्य…” त्यानं मावशीचा फोन पडद्याजवळ धरला. “हिरवं. आजी, तंबाखू खाता का?”

“न्हाई,” मावशी म्हणाली.

यात खोटं बोलल्याचा लवलेशही तिच्या चेहऱ्यावर नव्हता. डॉक्टरनं बोट टेकवलं. पडदा क्षणभर थबकला आणि उत्तर आलं: हंगामी ताप. घरी विश्रांती. तीन दिवसांनी पुन्हा दाखवा.

“रक्ताची तपासणी करा ना,” शर्वरी म्हणाली. “जंतू वाढवून बघायची असते ती. दाताच्या डॉक्टर म्हणाल्यात.”

“दाताच्या?” त्यानं मान वर केली. “मॅडम, तोंड हिरवं असेल तर ती तपासणी उघडतच नाही इथं. मला करायची असली तरी बाटल्या मिळत नाहीत. तीन दिवस बघू.”

तीन दिवस. आईलाही दुसऱ्या डॉक्टरनं तीन दिवसच सांगितले होते. चौथ्या दिवशी ती वाटाणे सोलायला बसली होती.

शर्वरीनं मावशीकडे पाहिलं. मावशी ब्लँकेटमध्ये आकसून बसली होती, ओठ निळसर, आणि तिचे डोळे शर्वरीवर रोखलेले होते. त्या डोळ्यांत विनवणी नव्हती. हुकूम होता. अक्काची शपथ हाय तुला. शेजारी मयूरी उभी होती, सासूच्या खांद्यावर हात ठेवून.

शपथ मोडली तर काय होतं? शपथ ज्याची घेतली तो माणूस मरतो, असं लहानपणी सगळी पोरं एकमेकांना सांगायची. तो माणूस आधीच गेला होता. तरी शर्वरीची जीभ उचलेना. आईनं आयुष्यभर जे तिच्यापासून लपवलं, ते आता तिनं परक्या पोरासमोर, पडद्यासमोर, उघडं करायचं होतं. आईचं नाव घेऊनच.

“ती मिशरी लावते,” शर्वरी म्हणाली. “कैक वर्षांपासून. माझी आईही लावायची. त्यामुळे रक्त येत नाही, म्हणून दिवा हिरवा दिसतो. माझी आई गेल्याच महिन्यात गेली. तिचाही हिरवा होता.”

डॉक्टरचं बोट हवेत राहिलं.

“मिशरी म्हणजे?” त्यानं विचारलं. तो बाहेरगावचा असावा.

“भाजलेली तंबाखू,” हे मयूरीनं सांगितलं. तिनं सासूच्या खांद्यावरचा हात काढला नव्हता. अगदी हळू, मावशीपुरतंच ती म्हणाली, “माझ्या बापाला शंभर माणसांत चूळ भरायला लावली होती तुम्ही, आई.”

मावशीनं डोळे मिटले.

डॉक्टरनं मागे जाऊन उत्तर बदललं. पडदा थबकला, आणि मग त्यावर ओळींमागून ओळी उघडत गेल्या. तपासण्या, बाटल्या, हृदयाची सोनोग्राफी, भरती. एका शब्दानं. शर्वरी भिंतीला टेकली.

*

जंतू वाढला. तोच.

झडपेवर घर बांधायला त्यानं नुकती सुरुवात केली होती. तुकडा सुटण्याआधी सापडलं, असं डॉक्टर म्हणाले. सहा आठवडे शिरेतून औषध. मावशी वॉर्डात राहिली आणि शर्वरीशी एक शब्द बोलली नाही. ती आली की तोंड भिंतीकडे. डबा मयूरीच्या हातून घ्यायची. मयूरीनंच तिची मिशरीची डबी शोधून काढली, मोरीत उपडी केली, आणि नवा ब्रश आणून दिला. दोघींचं पटतंय की नाही, हे बाहेरच्या माणसाला कळलं नसतं. “आई, तोंड उघडा,” म्हणायची आणि मावशी मुकाट उघडायची, भांडून दमलेल्या पोरासारखी.

शर्वरी तरी रोज यायची. दारातून आत शिरेपर्यंत तिला वाटायचं, खाट रिकामी असेल. मावशीचं भिंतीकडे वळलेलं डोकं दिसलं की मग श्वास सुटायचा. रागावलेलं का होईना, ते डोकं उशीवर होतं.

ताप उतरल्यावर मुजावरबाई हत्यारांची पिशवी घेऊन आल्या. एका दिवशी तोंडाचा एकच कोपरा, असं चार वेळा. खरवडण्याचा आवाज साऱ्या वॉर्डाला ऐकू जायचा, खरखर, पातेल्याचं बूड खरवडल्यासारखा. पांढऱ्या कपड्यावर कीटाचे तुकडे पडायचे, काळे, खडीसारखे. मावशी जीभ फिरवून बघायची आणि घाबरायची. “फटी पडल्यात. ह्यो हालतोय, बघा, हालतोय!”

“हलू दे. हिरडी धरेल परत. पण आता मी दर तीन महिन्यांनी येणार, दुखो न दुखो.”

मिशरी सुटून काही आठवडे झाले होते; शेवटच्या कोपऱ्याच्या वेळी रक्त आलं. कपडा लाल झाला आणि मावशीच्या फोनवरचा दिवा आयुष्यात पहिल्यांदा तांबडा झाला. ती रडायलाच लागली. मुजावरबाई मात्र खूश होत्या. “कुत्रं भुंकलं एकदाचं,” त्या म्हणाल्या.

पाचव्या आठवड्यात शेजारच्या खाटेवर नवी बाई आली. जतकडची, मावशीच्याच वयाची, तापानं वाळलेली. सून बरोबर होती. ती सिस्टरना सांगत होती, कितीतरी दिवस झाले, काही सापडत नाही, रक्त-लघवी सगळं साधं, तोंडाचा दिवासुद्धा हिरवा. मग ती औषधं आणायला खाली गेली.

शर्वरी स्टुलावर बसून संत्रं सोलत होती. मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती वळली. महिन्याभरात पहिल्यांदा तिनं शर्वरीकडे सरळ पाहिलं.

“शर्वे, मला उठवून बसीव.”

शर्वरीनं तिला बसवलं. मावशीनं सलाइनची नळी हातानं बाजूला धरली आणि शेजारच्या खाटेकडे वाकली.

“बाई, मिशरी लावतीस काय गं?”

“छ्या,” ती बाई म्हणाली. “आमच्यात न्हाई तसलं कायबी.”

“मीबी असंच म्हणले हुते. माझी थोरली बहीण कुणाला न सांगताच गेली. ही तिची पोर.” मावशीनं शर्वरीच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात गार होता, ताप नसलेला. “हिनं तिची शपथ मोडली म्हणून मी हितं बसल्ये. तवा खरं सांग. सून खाली गेलीया.”

वॉर्डात बोलणी थांबली होती. समोरच्या खाटेवरची म्हातारी उशीवरून मान उचलून बघत होती. खिडकीपाशी एक बाई होती, तिलाही ताप होता. तिच्या पलीकडे आणखी एक. शर्वरीच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. इतके दिवस ती या खाटांमधून येत-जात होती आणि तिनं कुणाला काही विचारलं नव्हतं.

जतच्या बाईनं आधी दाराकडे पाहिलं, कुणी येत नाही ना. मग मान हलवली. होय.

मावशी तिच्यावरून नजर काढून समोरच्या म्हातारीकडे वळली. म्हातारी दाराकडे बघत होती. खिडकीपाशची बाईही दाराकडेच बघत होती.